शालीखालची नाडी

चालायला लागण्यापूर्वी माझी तब्येत ठणठणीत होती, असं माझं अजूनही प्रामाणिक मत आहे. आमच्या नगरपालिकेच्या कचेरीला अकरा पायऱ्या आहेत आणि आठव्या पायरीवर मी रोज थांबत असे, हे मला मान्य आहे. पण तिथे थांबण्यासारखं होतं. तिथे नोटीस बोर्ड होता. मी हेड क्लार्क; नोटीस बोर्डावर नजर टाकणं माझ्या कामातच मोडतं. एकसष्ट सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी मी तिथे जरा जास्त वेळ उभा राहिलो, आणि नेमके मागून डॉक्टर पितांबर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे पाहिलं. बोर्डावर त्या दिवशी एकही नोटीस नव्हती.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण माझी पेन्शन तिथूनच यायची आहे. एवढंच सांगतो की उत्तरेला सातपुडा दिसतो, दक्षिणेला तापी आहे, आणि नंदुरबारची एस.टी. सकाळी सव्वासहाला सुटते. त्या एस.टी.चा पुढे संबंध येणार आहे.

डॉक्टर पितांबर तापीकाठच्या गुजर घराण्यातले. घरी केळी, ऊस, कापूस, सगळं. पण हे पुण्याला जाऊन डॉक्टर झाले आणि परत येताना एक सायकल आणि बरीच मतं घेऊन आले. त्यांनी माझी नाडी धरली आणि घड्याळ बघितलं.

"शहाण्णव," ते म्हणाले. "सुकलालभाऊ, रोज सकाळी बागेत दहा फेऱ्या मारा. आणि चालताना फायली आठवायच्या नाहीत. झाडं बघायची, पाखरं बघायची."

"आणि औषध?"

"हेच."

मला वाईट वाटलं. सत्तावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला निदान एखादी लाल बाटली तरी मिळायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी डोक्याला मफलर बांधला, अंगावर शाल घेतली आणि बाहेर पडलो. आमच्या गावात चालणं ही काही नवीन गोष्ट नाही. माणसं शेतात चालत जातात, बाजाराला चालत जातात, डोंगरातले लोक तर धडगावहून चालत येतात. पण प्रत्येकजण कुठेतरी जात असतो. आणि तो कुठे जातोय हे विचारणं हा आमच्याकडे शिष्टाचार आहे; न विचारणारा माणूस तुसडा समजला जातो. माझ्या घरापासून बागेपर्यंत पंधरा ओटे लागतात.

"भाऊसाहेब, कोठे चालनात?" पहिल्याच ओट्यावरून जमनाबाईंनी विचारलं.

"फिरायला."

"फिराले? कोनाकडे?"

"कुणाकडे नाही. नुसतंच."

जमनाबाईंनी दात घासणं थांबवलं. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. हातात लोटा नव्हता, पिशवी नव्हती. एवढ्या पहाटे रिकाम्या हाताने निघालेला, डोकं गुंडाळलेला माणूस म्हणजे काय ते त्यांनी ओळखलं.

"कोन गयं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"कुणी गेलं नाही हो."

"मंग माले सांगतस नही ते!" म्हणून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. मी बागेत पोचेपर्यंत तीन बायका माझ्या घरी जसोदाबाईचं सांत्वन करायला गेल्या होत्या. जसोदाबाई म्हणजे माझी बायको. तिला आपलं कोण गेलं तेच कळेना, त्यामुळे ती आधी घाबरली, मग रडली, आणि मी घरी परत आल्यावर संतापली.

"लोके काय म्हनतीन?" ती म्हणाली. "घरमा भांडन व्हयनं म्हनीसन मानूस सकायमा बाहेर निंघना, आसंच म्हनतीन!"

म्हणून तिसऱ्या दिवशी मी खोटं बोललो. ओट्यावरून प्रश्न आला तसा "नंदुरबारला" असं ठोकून दिलं आणि पुढे सटकलो. सरकारी नसलं तरी निमसरकारी आयुष्य खरं बोलण्यात गेल्यामुळे मला खोटं किती जपून बोलावं लागतं याचा अंदाज नव्हता. शेजारचे बन्सीलाल कापसाची दलाली करतात. गावात कुणाचं अडलेलं काम त्यांना बघवत नाही. त्यांनी माझ्या शेजारून सायकल दामटली आणि ओरडले, "पया भाऊसाहेब, गाडी निंघनी!" मी चौकात पोचलो तर सव्वासहाची एस.टी. माझ्यासाठी थांबवून धरलेली. आठ-दहा हातांनी मला आत चढवलं. खिडकीतून कुणीतरी माझ्या मांडीवर एक गाठोडं टाकलं आणि ते आपल्या मामेसासऱ्याला द्यायला सांगितलं. मी पुढच्या थांब्यावर उतरलो आणि गाठोडं खांद्यावर घेऊन तीन मैल परत आलो. डॉक्टर त्या दिवशी माझ्यावर खूश झाले.

आता बागेबद्दल. बाग नगरपालिकेची होती, पण खरं म्हणजे माझी होती, कारण तिची फाईल माझ्याकडे होती. तिच्यात दोन निंब, एक कोरडा हौद, चार सिमेंटची बाकं आणि मेंदीचं कुंपण एवढा ऐवज. कडेने फेरी मारली तर एकशे चाळीस पावलं भरत. दारावर नियमांचा बोर्ड होता. नियम अकरा, सगळे माझ्या मसुद्यातले. नियम चार : बागेत कोणत्याही प्रकारचा व्यापार अगर सौदा करण्यास सक्त मनाई आहे. नियम सात : बागेत जनावरे आणण्यास सक्त मनाई आहे. हे दोनच लक्षात ठेवा.

माळी होता खात्या. तो वरच्या डोंगरातला, काठीकडचा. होळीला दोन दिवस चालत घरी जायचा आणि दोन दिवस चालत परत यायचा. त्याने मला पहिले चार दिवस काही विचारलं नाही, याबद्दल मी मनातल्या मनात त्याचा आभारी होतो. पाचव्या दिवशी त्याने झारी खाली ठेवली.

"साहेब, आठेन निंघनात, आठेच उनात," तो म्हणाला. "मंग गयात कसाले?"

इथून निघून परत इथेच का यायचं, म्हणून मी त्याला रक्ताभिसरण समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग मला झारी दिली. म्हणाला, फिरायचंच आहे तर जाता जाता त्या कडेच्या रोपांना पाणी घाला. हेड क्लार्कने माळ्याच्या सांगण्यावरून पाणी घालावं की नाही, याचा मी अर्धी फेरी विचार केला. मग घातलं.

आणि एक कबूल करतो. पंधरा दिवसांनी मला ते आवडायला लागलं. उजाडताना सातपुडा आधी नुसता एक निळा पट्टा दिसतो, मग हळूहळू त्यातून एकामागे एक डोंगर सुटे होतात. मी तीस वर्षं त्या गावात राहून हे कधी पाहिलं नव्हतं. कुंपणात एक भारद्वाज यायचा. तो मला घाबरेनासा झाला याचा मला केवढा आनंद झाला! कचेरीत कुणी मला घाबरेनासा झाला असता तर मी मेमो काढला असता. मला बरं वाटत होतं, खरोखर बरं वाटत होतं, आणि तेच मी कुणाला सांगू शकत नव्हतो.

त्याचं कारण छगन. छगन म्हणजे आमचा सेकंड क्लार्क. मी नुसता शिंकलो तरी तो माझ्या खुर्चीकडे प्रेमाने बघायचा. हेड क्लार्कला डॉक्टरने चालायला लावलंय हे त्याला कळलं असतं तर त्याने दुपारच्या आत मला मेडिकल तपासणीला पाठवण्याचा अर्ज टाईप केला असता. त्यामुळे दहा फेऱ्या झाल्या की मी कोपऱ्यातल्या बाकावर बसे, डॉक्टर समोरच्या दवाखान्यातून येऊन शेजारी बसत, आणि नाडी बघायला हात पुढे करत. पहिल्याच दिवशी मी त्यांना विनंती केली.

"डॉक्टरसाहेब, उघड्यावर नको. शालीखालून बघा."

"नाडी बघण्यात लाज कसली?"

"बघण्यात नाही. दिसण्यात."

डॉक्टरांनी खांदे उडवले आणि शालीखाली हात घातला. समोर बघत, ओठ फारसे न हलवता, ते हळूच आकडा सांगत. त्र्याण्णव. चार दिवसांनी नव्वद. पुढच्या आठवड्यात सत्त्याऐंशी. मी मान हलवे. ते उठून जात. मीही दोन मिनिटांनी दुसऱ्या वाटेने निघे.

हे सगळं मी कुठे करत होतो, याचा मात्र मला विसर पडला होता. आमच्या बागेच्या कुंपणापलीकडेच बाजाराचं आवार आहे. आणि आमच्या मुलखात दोन माणसं शेजारी बसून कापडाखाली हातात हात धरतात ती फक्त एकाच कामासाठी. बैल असो, घोडा असो, कापूस असो, तोंडाने भाव बोलायचा नाही. उपरण्याखाली समोरच्याची बोटं दाबायची. एक बोट, दोन बोटं, पूर्ण पंजा. बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसतं. त्यातून त्याच वर्षी बाजाराच्या आवारात ही पद्धत बंद केली होती. सगळा भाव उघड पुकारायचा असा हुकूम निघाला होता. त्यामुळे गावातल्या दलालांचे हात शिवशिवत होते आणि डोळे कुंपणावरून बागेत लागले होते. मला हे सगळं माहीत होतं. हुकुमाची प्रतसुद्धा मीच बोर्डावर लावली होती. पण आपण स्वतः कसे दिसतो हे माणसाला नेहमी शेवटी कळतं.

एका संध्याकाळी बन्सीलाल घरी आले. आल्याबरोबर त्यांनी दार लावून घेतलं.

"भाऊसाहेब, बारा वरीसना शेजार शे आपला," ते म्हणाले. "माले तरी सांगा. माल कसाना शे?"

"कसला माल?"

"बठ्ठं गाव दखी ऱ्हायनं. तुम्ही आनि डॉक्टर. भाव रोज उतरी ऱ्हायना. त्र्याण्णववरथीन ब्याऐंशीवर उना!"

ब्याऐंशी हा आकडा मला त्या दिवशी सकाळी नाडीबद्दल सांगितलेला होता. म्हणजे कुंपणापलीकडून कानही लागले होते. मी बन्सीलालांना शपथेवर सांगितलं की सौदा वगैरे काही नाही. ते हसले. सौदा चालू असताना सौदा नाही असंच म्हणायचं असतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. जाताना त्यांनी जसोदाबाईला सांगितलं की भाऊसाहेब मोठे पक्के निघाले. तिने मला त्या रात्री एक पोळी जास्त वाढली. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. मी पक्का आहे असं तिला पहिल्यांदाच कुणी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत माझ्यामागे चार माणसं फिरत होती. त्यानंतरच्या आठवड्यात तीस झाली. सगळ्यांच्या खांद्यावर उपरणी. मी थांबलो की ती थांबत, मी चालू लागलो की चालत. मी भारद्वाज कुठे गेला म्हणून कुंपणाकडे पाहिलं की तीस माना कुंपणाकडे वळत. डॉक्टरांनी आकडा सांगितला की मागे कुजबूज सुरू होई. सत्त्याहत्तर ऐकून दोघा शेतकऱ्यांनी कापसाच्या गाड्या अर्ध्या रस्त्यातून परत फिरवल्या असं म्हणतात. डॉक्टर मात्र आनंदात होते. गावाला व्यायामाची गोडी लागली असं त्यांना वाटत होतं. पुण्यात शिकलेल्या माणसाचं असं होतं.

मग जे व्हायचं ते झालं. हेड क्लार्कच बागेत बसून सौदा करतो म्हटल्यावर बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? चारही बाकांवर उपरणी हलू लागली. हौदाच्या कट्ट्यावर मिरचीचे व्यवहार होऊ लागले, निंबाखाली बैलांचे. गवत पार तुडवलं गेलं. खात्याने एका दलालाच्या पायावर झारी ओतली. भारद्वाज यायचा बंद झाला, आणि याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

आता एकच प्रश्न उरला होता : मी विकत काय होतो? त्याचं उत्तरही बन्सीलालांनीच शोधून काढलं. ते चौकात सर्वांसमक्ष म्हणाले, "सुकलालभाऊकडे कापूस नही, मिरची नही, ढोर नही. त्यास्ना ताबामा एकच वस्तू शे. बाग!"

डॉक्टरांना दवाखाना वाढवायचाय, बाग दवाखान्यासमोर आहे, फाईल माझ्याकडे आहे. इतकं सरळ होतं की ऐकताना क्षणभर मलासुद्धा पटलं. संध्याकाळपर्यंत बेचाळीस सह्यांचा अर्ज नगरपालिकेच्या अध्यक्षांकडे गेला : हेड क्लार्क सार्वजनिक बाग शालीखालून विकत आहे, सबब चौकशी व्हावी.

हे वाचून मी खाली बसलो. सत्तावीस वर्षांत मी कुणाच्या घरी काम होण्याआधी चहा घेतला नाही. काम झाल्यावरही घेतला नाही, कारण कामं सहसा होत नसत. आगाऊपणा म्हणा, पण सुकलाल म्हणजे स्वच्छ हात, एवढीच माझी गावात कमाई होती. बागायत नाही, घर भाड्याचं. जे काही होतं ते हे नाव.

अध्यक्षांनी माझ्याकडून खुलासा मागवायचं ठरवलं. खुलासा मागवण्याच्या नोटिशीचा मसुदा करायचा तो हेड क्लार्कने, असा नियम. मी केला. 'सदरहू इसमाने आपल्या अधिकाराचा निर्लज्जपणे दुरुपयोग केल्याचे सकृद्दर्शनी दिसते' हे माझं ठेवणीतलं वाक्य मी त्यात घातलं. अध्यक्ष म्हणाले, "जरा सौम्य करा." मी म्हटलं, साहेब, इतरांना गेली वीस वर्षं हेच वाक्य जातंय, माझ्यासाठी बदललं तर तो पक्षपात होईल. छगनने त्यावर जावक नंबर घातला. त्याचं अक्षर त्या दिवशी इतकं सुंदर आलं होतं की काय सांगू. शिपायाने ती नोटीस टेबलाच्या त्या बाजूने उचलून या बाजूला आणून दिली आणि मी पोच म्हणून सही केली.

आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. मेडिकल झालं तर झालं, नोकरी गेली तर गेली, पण बाग विकणारा म्हणून जायचं नाही, असं मी ठरवलं. खुलाशात लिहिलं : शालीखाली नाडी बघितली जात होती. अध्यक्षांनी तो दोनदा वाचला.

"सुकलालभाऊ, नाडी बघायला शाल कसाले लागस?"

"लाज वाटत होती, साहेब."

"लाज कागदावर धरता येत नाही," छगन हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी दाखला दिला, पण बाग घेणारे तेच म्हटल्यावर त्यांचा दाखला कोण मानणार? शेवटी बन्सीलालांनी तोड काढली. भाऊसाहेबांना बोटांची भाषा येते की नाही, एवढं तपासा. येत असेल तर सौदा, येत नसेल तर नाडी. आणि तपासणार कोण, तर गफूरभाई. गफूरभाई हे घोड्या-बैलांचे जुने दलाल. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांचा हात उपरण्याखाली गेला की भलेभले व्यापारी घाम पुसत. त्यांच्या बोटांना खोटं कळतं, असं गाव मानत होतं.

रविवारी सकाळी बागेतच चौकशी भरली. अध्यक्ष बाकावर, छगन वही घेऊन हौदावर, आणि गाव कुंपणाच्या आत-बाहेर. जसोदाबाई जमनाबाईंबरोबर निंबाखाली उभी होती. तिने मला शाल धुऊन, घडी घालून दिली होती. गफूरभाई पांढरी दाढी सावरत आले आणि म्हणाले, "साहेब, मोकया हातनी परीक्षा व्हस नही. खरा माल पाहिजे. माल नही ते बोट बोलत नही."

"मग माल?" अध्यक्षांनी विचारलं.

गफूरभाईंनी दाराकडे बोट केलं. बाहेर त्यांची घोडी बांधलेली होती. नाव मखमल. एके काळी ती टांग्याला होती, हल्ली नुसती होती. तीन वर्षं सारंगखेड्याला जाऊन ती तीन वर्षं परत आली होती. ती एका डोळ्याने कुंपणाची मेंदी बघत होती आणि तिचं त्या चौकशीकडे अजिबात लक्ष नव्हतं.

अध्यक्षांनी मान हलवली. गफूरभाई शेजारी बसले. माझीच शाल. त्यांचा हात आत आला, खरखरीत आणि गरम. मी मनाशी पक्कं केलं होतं की हात दगडासारखा ठेवायचा, एक बोट हलू द्यायचं नाही. सवयीने मी आधी मनगट पुढे केलं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि माझी तीन बोटं दाबली. समोर शे-दीडशे माणसं श्वास रोखून शालीकडे बघत होती. माझं नाव, माझी सत्तावीस वर्षं, सगळं त्या शालीखाली होतं. छातीत धडधडायला लागलं. आता आपण पडतो की काय असं वाटलं, आणि पडायच्या भीतीने मी गफूरभाईंचा अख्खा पंजा घट्ट आवळून धरला.

गफूरभाई दचकले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि पुन्हा तीन बोटं दाबली, या खेपेला हळू, लहान मुलाला समजावल्यासारखी. मी पुन्हा पंजा आवळला. आणखी जोरात.

गफूरभाई उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अध्यक्षसाहेब, लिखी ल्या," ते म्हणाले. "हाऊ मानूस दलाल नही, व्यापारी नही, काहीच नही. मी तीन मांगात, यास्नी पाच दिधात. मी परत तीन मांगात, यास्नी परत पाच दिधात. तेबी मखमलना! खुदानी कसम, जेले बोट समजतस तो मानूस हाई घोडीले एक बी देवाव नही."

मग बन्सीलालांनी कपाळावर हात मारला. सगळ्यांनी घोडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शे-दीडशे माणसांना एकाच वेळी माझी खात्री पटली. इतका निर्दोष माणूस या गावाने पूर्वी पाहिला नव्हता. अध्यक्षांनी उभं राहून माझा हात हातात घेतला, उघड्यावर, शालीशिवाय. छगनने वहीत 'आरोप निराधार' असं लिहिलं. अक्षर वाईट होतं. मी जसोदाबाईकडे पाहिलं. ती पदराने डोळे पुसत होती.

"चला तर मग," मी म्हटलं. "घरी जाऊ या."

"आनि घोडी?" बन्सीलाल म्हणाले.

"घोडीचं काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कापडाखाली दिलेला हात मागे घेता येत नाही. एकदा हा सौदा मोडला तर उद्या कुणीही उठून म्हणेल की माझा हात भीतीने हलला होता; मग बैल-बाजार चालायचा कसा? गफूरभाई बिचारे म्हणत होते की मी तीनच घेतो, पण बाकीचे दलाल ऐकायला तयार नव्हते. शेवटी वरच्या दोनांत गफूरभाईंनी तोबरा, घुंगरांचा पट्टा आणि पोतंभर हरभरे दिले, मखमलच्या मानेला मिठी मारली आणि दोर माझ्या हातात दिला. त्या बोटांची रुपयांत किंमत किती झाली हे जसोदाबाईला आजतागायत कळलेलं नाही. आपणही सांगू नये.

"टांगानी घोडी शे," जाताना गफूरभाई मागे वळून म्हणाले. "रोज दोन कोस फिरवा. नही ते पाय धरी लेई."

माझा खुलासा वाचूनही छगनचा मेडिकलचा अर्ज पुढे आलाच नाही. आपल्यापेक्षा पाचपट रुंद छातीच्या घोडीला रोज सकाळी ओढत नेणारा माणूस आजारी आहे, असं कुणाला पटवणार? मी तिला बागेत न्यायचा प्रयत्न केला, पण खात्याने दारात झारी आडवी धरली आणि बोर्डाकडे बोट दाखवलं. त्याला वाचता येत नाही, पण सातवा नियम कुठे आहे ते त्याला माहीत होतं. तेव्हापासून मी बागेच्या बाहेरून, कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारतो. बाहेरून दोनशे दहा पावलं भरतात. मखमल जुन्या सवयीने प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, कुणी उतरायचं असेल तर उतरू देते, आणि मग चालू लागते. सौदे करणारे उन्हाळ्यापर्यंत पांगले, गवत परत आलं. परवा भारद्वाजही दिसला, तिच्या पाठीवर नाही, पण जवळच.

घरातून निघालो की जमनाबाई अजूनही ओट्यावरून विचारतात, "भाऊसाहेब, कोठे चालनात?"

"घोडीला फिरवायला," मी म्हणतो.

"हां," त्या म्हणतात, "मंग बराबर शे," आणि पुन्हा दात घासायला लागतात. पंधराही ओट्यांवर तेच. आयुष्यात पहिल्यांदा मला चालण्याचं कारण मिळालं.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी कुंपणावरून माझा हात धरला आणि भर रस्त्यात ओरडून सांगितलं, "बहात्तर!" कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्याच आठवड्यात गफूरभाई आले. तापीकाठच्या एका वरातीला सुस्वभावी घोडी हवी होती, गिऱ्हाईक चांगलं होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आपल्या हातावर पसरलं आणि माझ्यापुढे धरलं. मखमल माझ्या मफलरचं टोक चघळत उभी होती.

"नाही गफूरभाई," मी म्हटलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, घट्ट, एकही बोट हलणार नाही असे.